बाहेर दिलेलं चालणं

आपण आता फार दिवसांचे सोबती नाही, हे भूपाल मगदूमला कळलं तेव्हा तो पैंजणाला घुंगरू जोडत बसला होता. चहा नुकताच झाला होता, गॅसची बारीक ज्योत हातात होती, आणि शेजारी ठेवलेला फोन आपणहून बोलायला लागला. आवाज बाईचा होता आणि गोड होता, कर्ज हवंय का विचारणाऱ्या बायांचा असतो तसा.

"भूपाल आप्पासाहेब मगदूम, आपल्या घामाच्या तपासणीत स्वादुपिंडाच्या गाठीच्या खुणा सलग आढळल्या आहेत. गाठ अजून लहान असावी. शस्त्रक्रियेचा सर्व खर्च आपल्या विम्यातून मंजूर झाला आहे. कृपया या आठवड्यात दाखल व्हावे."

भूपालच्या हातातली ज्योत जागची हलली आणि चांगलं घडवलेलं घुंगरू वितळून गोळा झालं. त्याने पोटाला हात लावला. पोट खरंच दुखायला लागलं होतं. त्याने उजवीकडे दाबून बघितलं, डावीकडे दाबून बघितलं. स्वादुपिंड नेमकं कुठे असतं हे ठाऊक नसल्यामुळे बिचाऱ्याला दोन्हीकडे दुखलं.

"सुनंदा!" त्याने हाक मारली.

बायको स्वयंपाकघरातून आली ती स्वतःचा फोन हातात धरूनच. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अवो, मला काय म्हणतंय बघा की हे," ती म्हणाली.

भूपालने बघितलं. तेच शब्द, तीच गाठ, फक्त नाव सुनंदा भूपाल मगदूम. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. जन्मभर संसार बरोबरीने केला हे खरं, पण हे जरा जास्तच बरोबरीचं झालं होतं. तेवढ्यात समोरचा जिनपाल चौगुले अनवाणी धावत आला. तो चांदीची तार ओढायचा. त्याच्याही हातात फोन होता आणि बाहीला डोळे पुसणं चालू होतं.

"भूपाल, मला गाठ हाय म्हणं! आईला कोण बघणार रं माझ्या?"

बघता बघता भूपालच्या दारात गर्दी झाली. कोल्हापूरजवळच्या त्या गावात घरोघरी चांदीचं काम चाले, आणि या गल्लीत तर चांदीशिवाय दुसरा विषय नव्हता. नऊ जणांना एकच निरोप आला होता. त्यात कोपऱ्यावरचे करसल्लागार चिदानंद स्वामीही होते. स्वामींनी आयुष्यात चांदीला हात लावला तो फक्त दिवाळीला गिऱ्हाईकांनी दिलेल्या नाण्यांना, तरी त्यांनाही गाठ.

"तेजाबाचा धूर," कोणीतरी म्हणालं. "चांदी उजळायला वापरतोय ते आत साठत ऱ्हायलंय."

"नळाच्या पाण्यातच काय तरी असंल."

"पेपरवाल्यांना बोलवा."

कोणी रडत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं, एकाने तर मुंबईच्या मुलाला फोन करून जमिनीचं काय करायचं ते सांगायला सुरुवातही केली. आता या गोंधळात मूळ गोष्ट कोणाच्याच ध्यानात येत नव्हती, म्हणून ती इथेच सांगून टाकलेली बरी.

नोकरी करणाऱ्याचा विमा त्याची कंपनी काढते. ज्याचा धंदा स्वतःचा, त्याला विमाही स्वतःच काढावा लागतो. म्हणून सरकारने अशा लोकांना सवलत दिली होती. आरोग्यविम्याचा जो हप्ता भराल तो सगळा करपात्र उत्पन्नातून वजा करा. वजावट धंद्याच्या नफ्याच्या वर जाऊ नये, एवढीच अट. स्वतःचा हप्ता चाले, बायकोचा किंवा नवऱ्याचा चाले, मुलांचा आणि आईवडिलांचा चाले. पुढे विमा महाग होत गेला, वजावटी फुगत गेल्या आणि तिजोरीला झळ बसायला लागली. तेव्हा दुसरी अट आली. वजावट पाहिजे ना, मग नाडीपट्टी बांधा आणि रोज चाला.

नाडीपट्टी म्हणजे मनगटावरचा एक मऊ पट्टा. त्याच्या पोटात हिरवा दिवा असे. तो प्रकाश कातडीतून आत जाई, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त वरखाली झालं की परत येणारा प्रकाश कमीजास्त होई. त्यावरून नाडीचा आकार काढता येत असे. प्रत्येकाच्या ठोक्याचा आकार वेगळा असतो, हस्ताक्षर वेगळं असतं तसा. पहिल्या आठवड्यात पट्टी तो शिकून घेई आणि मग दुसऱ्या कोणाला मालक म्हणून मानत नसे. शिवाय तिच्यात केसाहून बारीक नळ्या होत्या. त्या घामाचा थेंब ओढून घेत आणि त्यातले प्रथिनांचे तुकडे तपासत. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे लपलेलं असतं. तिथली गाठ बोलायला लागते तेव्हा बहुतेक वेळ गेलेली असते. पण गाठ लहान असतानाही तिचे काही तुकडे रक्तात येतात आणि रक्तातून अगदी किंचित घामात उतरतात. एक थेंब तपासून ते सापडत नाहीत. रोज, महिनोन्‌महिने तपासलं तर सापडतात. पट्टी रोज तपासत होती. यंत्र उत्तम होतं, त्यात काही खोट नव्हती.

खोट गल्लीच्या कामाच्या पद्धतीत होती.

चांदीच्या गावात एक दागिना एका घरात कधी पुरा होत नाही. तार ओढायची एका घरात, कड्या वळायच्या दुसऱ्या घरात, घुंगरू जोडायला तिसरीकडे, उजळायला चौथीकडे. आपल्याला जमत नाही ते काम बाहेर द्यायचं, ही त्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आणि दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या या माणसांना जे अजिबात जमत नव्हतं, ते म्हणजे चालणं. तेव्हा त्यांनी ते बाहेर दिलं. त्यात आपण काही लबाडी करतोय असं कोणाला मनापासून वाटलंही नाही.

"काय रं, कोण गेलं?"

दारातल्या गर्दीमागून आवाज आला आणि लोक बाजूला झाले. भूपालची थोरली बहीण पद्मावती, सगळ्या गल्लीची पद्माक्का, आत आली. इचलकरंजीला दिली होती; नवरा गेल्यावर भावाच्या घरी परत आली आणि हातावर हात ठेवून बसणं स्वभावात नसल्यामुळे या घरचा माल त्या घरी पोचवायचं काम करायला लागली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती गावभर चाले. आत्ताही तिच्या काखेत पिशवी होती. आणि नवरा गेल्यापासून रिकामे असलेले तिचे हात मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्यांनी भरले होते. कोणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. एका हातावर पाच, दुसऱ्यावर चार, आणि सगळ्यांतून हिरवे दिवे लुकलुकत होते.

मुंबईच्या मुलाशी चाललेलं बोलणं मध्येच थांबलं. सगळे तिच्या हातांकडे बघत राहिले.

"असं काय बघायलाय सगळी?" आक्का म्हणाली.

भूपालला त्या क्षणी पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे. त्याला बरं वाटलं. पोटातलं दुखणं दोन्हीकडून एकदम थांबलं. मग त्याने आक्काच्या तोंडाकडे बघितलं, आणि पुढे होऊन तिच्या काखेतली पिशवी आपल्या हातात घेतली.

---

बैठक दुसऱ्या दिवशी चिदानंद स्वामींच्या ऑफिसात भरली. आक्काला कोणी बोलावलं नाही.

"नऊ विमे मंजूर," जिनपाल म्हणाला, "नऊ खाटा राखून ठिवल्यात, आन आजारी त्यातला एकबी न्हाई!"

कोणीतरी हसलं.

"आक्कांचा स्वतःचा विमा?" स्वामींनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. दर मार्चमध्ये भूपाल त्यांच्यासमोर याच खुर्चीत बसून तोच प्रश्न विचारायचा आणि स्वामी तेच सांगायचे. हप्ता भरा की आक्कांचा, नको कोण म्हणतंय? पण कायद्यात बहीण धरलेली न्हाई, वजावट मिळायची न्हाई. मग भूपाल म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. वाईट मनाने म्हणायचा नाही. ज्याची वजावट मिळते तो खर्च आधी, एवढा साधा हिशेब होता, आणि त्या हिशेबात सख्खी बहीण दोनदा मागे राहिली होती.

"न्हाई," भूपाल म्हणाला. "विमा नसला तर काय हुतंय?"

"सरकारी दवाखान्यात नंबर लावायचा. दिवाळीच्या आधी काय लागायचा न्हाई. आन ही गाठ तवर थांबत नसती."

"मग मी खरं सांगतो. जाऊन सांगतो की पट्टी तिच्या हातात हुती."

स्वामींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सांग. तुला कोण अडवणार? पण आधी ऐकून घे. एका मनगटावर दोन पट्ट्या हुत्या म्हटलं की बाकीच्या सात शोधायला त्यास्नी किती वेळ लागतोय? विमे रद्द. दोन वर्सांची वजावट दंडासकट परत. पुन्हा कुठली कंपनी आपल्याला दारात उभी करणार न्हाई. आन एवढं करून आक्कांचं ऑपरेशन हुणारच न्हाई, कारण आजारी असलेल्या बाईचा विमा न्हाई आन विमा असलेली माणसं आजारी न्हाईत."

जिनपाल खुर्ची ओढून भूपालच्या समोर आला. "भूपाल, आईचं रक्त आठवड्यातनं दोनदा मशीनवर काढून शुद्ध करायला लागतंय. माझ्या विम्यावर. तो बंद झाला तर ती पंधरा दिस सुदिक काढणार न्हाई. तुझी आक्का, माझी आई. मी काय बोलू, तूच सांग."

मग स्वामींनी तो तोडगा काढला. काढला म्हणण्यापेक्षा तो तिथे पडलेलाच होता, त्यांनी फक्त उचलला.

दवाखान्याने फोटो बघणं कधीच सोडून दिलं होतं. फोटो बदलता येतो, चेहरा सुजतो, म्हातारा होतो. नाडीचा आकार बदलत नाही. दारातून आत जाताना मनगट एका काचेवर ठेवायचं, आणि पट्टीने शिकलेल्या ठोक्याशी तो ठोका जुळला की दार उघडे. आता सुनंदाची पट्टी पहिल्या दिवसापासून आक्काच्याच हातात होती. म्हणजे त्या दाराला जी सुनंदा ठाऊक होती ती आक्काच होती.

"आक्कांनी सुनंदावैनी म्हणून जायचं," स्वामी म्हणाले. "खोटं बोलायचीसुदिक गरज न्हाई. मशीनच्या लेखी त्या सुनंदावैनीच हाईत. खऱ्या वैनी गेल्या तर उलट त्यास्नीच आत घेणार न्हाई."

सगळ्यांना मोकळं वाटलं. भूपाललाही वाटलं. बहीण वाचत होती, जिनपालची आई वाचत होती, वजावट वाचत होती. इतक्या सगळ्यांचं भलं एका खोट्यात होत असेल तर ते खोटं तरी कशाला म्हणायचं, असं तो घरी जाईपर्यंत स्वतःला समजावत होता.

घरी आक्का नव्हती. ती बस्तीत, जैन देवळात, गेली होती.

"काल दुपारपासनं उपास धरलाय त्यांनी," सुनंदा म्हणाली. "गल्लीतल्या नऊ जणांस्नी मोठं दुखणं आलंय, एवढंच त्यांच्या कानावर गेलंय. देवाला सांगायलेत म्हणं, माझं उरलेलं आयुष्य ह्यास्नी वाटून दे."

भूपाल भिंतीला टेकून खाली बसला. तिला सांगायला हवं होतं. संध्याकाळी ती आली, त्याच्या कपाळाला अंगारा लावला, "भिऊ नगंस रं भूपा, मी हाय," म्हणाली, आणि हा बाप्या माणूस तोंडातून एक अक्षर काढू शकला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सुनंदानेच भाकरी थापता थापता नणंदेला सगळं सांगितलं. भूपाल दाराआड उभा राहून ऐकत होता.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे भूपाला काय न्हाई?"

"न्हाई."

"तुला?"

"मलाबी न्हाई, आक्का."

"जिनपालला? म्हातारीला बघणारा त्यो एकटाच हाय."

"कुणालाच काय न्हाई."

"मग बरं झालं की बाई!" आक्का हसली. अगदी मनापासून हसली. मग तिने परातीतलं पीठ एका बाजूला केलं, आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, आणि म्हणाली, "म्हंजे मलाच हाय म्हण की."

सुनंदा रडायला लागली. "आक्का, माझं नाव घ्या तुमी. नाव दिल्यानं माझं काय झिजणार हाय?"

---

दवाखान्याचं दार स्वामी म्हणाले होते तसंच वागलं. आक्काने मनगट काचेवर ठेवलं, हिरवा दिवा लागला, आणि तोच गोड आवाज म्हणाला, "स्वागत आहे, सुनंदा मगदूम." खरी सुनंदा मागे पिशवी धरून उभी होती, तिला पाहुण्यांच्या वेगळ्या दाराने यावं लागलं. यंत्राने आक्काचं वय काढलं तेही सुनंदाच्या वयाला जुळलं. चालून चालून ती आतून तेवढी तरुण राहिली होती. चित्रं काढली गेली. गाठ खरोखरच होती, स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या टोकाला, वाटाण्याएवढी.

"लवकर सापडलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही पट्टी नसती तर दीड वर्षाने कळलं असतं, आणि तेव्हा मी काही करू शकले नसते. नशीबवान आहात, सुनंदाताई."

आक्काने मान डोलावली.

सगळी यंत्रं पार पडली. भूपालला घाम फुटला होता तो आता वाळला. उरली होती फक्त एक खिडकी. आत एक तरुण कारकून पेन घेऊन बसला होता, कारण ऑपरेशनची जोखीम मान्य आहे असं घरच्या माणसाने आपल्या तोंडाने म्हणावं, हा एक जुना नियम काढून टाकायचा राहिला होता. आक्का चाकाच्या खुर्चीत भूपालच्या शेजारी बसलेली, खुर्चीच्या पलीकडे सुनंदा.

"पेशंट तुमच्या कोण?" कारकुनाने विचारलं.

एवढ्या हुशार माणसांनी एवढी चर्चा केली, दार काय विचारेल, काच काय बघेल, वय जुळेल की नाही, सगळं बघून ठेवलं. आणि हा प्रश्न मात्र कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. भूपालने आक्काकडे बघितलं. आई गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. याच बाईने त्याला कडेवर घेऊन भरवलं होतं, हागलं-मुतलं काढलं होतं, लग्नात त्याच्या मागे करवली म्हणून उभी राहिली होती. तिच्यासमोर तिच्याबद्दल तो शब्द उच्चारायचा.

"अहो काका, नातं सांगा. मागे रांग आहे."

"बायको," भूपाल म्हणाला.

आपली जीभ अडेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. शब्द पटकन निघाला, आणि त्याचाच त्याला जबर धक्का बसला. दोन वर्षं आपण हेच सांगत आलो, हे त्याच्या ध्यानात आलं. हे मनगट माझं, ते मनगट माझ्या बायकोचं. आज फक्त तोंडाने म्हटलं.

आक्काने पदर डोक्यावरून पुढे ओढला, इतका की चेहरा दिसेना.

"आणि तुम्ही?" कारकुनाने सुनंदाला विचारलं.

"मी नणंद," सुनंदा जमिनीकडे बघत म्हणाली.

कारकुनाने लिहून घेतलं.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मगदूम, मिसेस सुखरूप आहेत." भूपालने हात जोडले. दुसऱ्या दिवशी नर्सने आक्काला हलवून जागं केलं. "बाई, तुमचे मिस्टर आलेत बघा." आक्काने डोळे उघडले, दारातल्या भावाकडे बघितलं, आणि पुन्हा मिटून घेतले. घरी जाताना ती गाडीत ड्रायव्हरशेजारी बसली. त्यानंतर ती सुनंदाशी बोलत होती, शेजारपाजाऱ्यांशी बोलत होती, दारातल्या मांजराशीही बोलत होती. भूपालशी बोलत नव्हती. तो आला की पदर पुढे ओढून उठून आत जायची. परक्या बाप्यासमोरून जावं तशी.

भूपालने खूप सोसलं असेल, पण असं कधी सोसलं नव्हतं. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. तो घुंगरं जोडायला बसायचा आणि ज्योत नुसतीच जळत राहायची.

---

आक्का उठून बसायला लागली तशी गल्ली भेटायला आली. नारळ आले, शहाळी आली, कोणी साजूक तुपातला शिरा आणला. चिदानंद स्वामी सगळ्यात खुशीत होते.

"ऑपरेशननंतर सुनंदावैनींच्या पट्टीनं खूण साफ दाखवली. आता बाकीच्यांच्याबी तशाच साफ दाखवतील. नऊच्या नऊ बरे!"

"म्हंजे?" भूपालने विचारलं.

स्वामी घसा साफ करत खुर्चीत मागे टेकले. जिनपाल दाराशीच उभा राहिला होता, तो आत आला. त्याच्या मागोमाग बाकीचे. प्रत्येकाच्या हातात नारळाबरोबर आपापली पट्टी होती, रंगीत दोऱ्यासकट.

"बाकीच्या आठ जणांनी बाहेरगावी उपचार घेतोय म्हणून कळवलं, त्यावर आपल्या सगळ्यास्नी पट्टी न बांधायची जी सूट मिळाली हुती, ती आज संपतीय," स्वामी म्हणाले. "उद्यापासनं पट्टी हातावर पायजे. आन पट्टी तर आक्कांशिवाय कुणाला ओळखत न्हाई. नवीन मनगट शिकवायचं तर कोल्हापूरला त्यांच्या कचेरीत जायला लागतंय, आन ते पहिलं विचारणार, आधीचं मनगट कुणाचं हुतं?"

"लांब चालायचं न्हाई, आक्का," जिनपाल घाईने म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं. "हितंच, अंगणातल्या अंगणात. चार फेऱ्या. दमलं की बसायचं. आईसाठी म्हणतोय मी, न्हाईतर बोललो नसतो."

भूपालला तेव्हा कळलं. गल्लीने बैठक भरवली, तोडगा काढला, नारळ-शहाळी आणली, ते आक्कासाठी असेलही. पण ती गेली असती तर नऊ जणांच्या पट्ट्या त्याच दिवशी थंड पडल्या असत्या. आजपर्यंत हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

"टाके वाळलं न्हाईत अजून तिचं!" तो ओरडला. "माणसं हाय का कोण? चला, निघा हितनं!"

"निघतो की," स्वामी शांतपणे म्हणाले. "पण तुझी कुठं हाय, भूपाल? तुझी सूटबी आजच संपतीय."

भूपालचा हात खिशात गेला. पट्टी खिशातच होती. सकाळीच त्याने ती कपाटातून काढून खिशात टाकली होती, आक्काला कसं विचारावं याचा विचार करत. ती हातात आली आणि सगळ्यांनी बघितली. सुनंदानेही बघितली.

आक्का पलंगावर बसली होती. तिने पदर पुढे ओढला नाही. उलट मागे सारला, आणि उजवा हात पुढे केला. हात वाळून काडी झाला होता.

"बांध की," ती म्हणाली. दवाखान्यातून आल्यापासून भावाशी बोललेले हे तिचे पहिले शब्द. "मी न्हाई म्हणत न्हाई. सगळ्यांच्या बांधतो, जिनपालच्या म्हातारीसाठी तर बांधतोच. पण तू कोण म्हणून बांधतोस, तेवढं सांग आधी."

भूपाल पट्टी धरून उभा राहिला. मग त्याने पट्टीचा हिरवा दोरा तोडून टाकला, बाही मागे सारली, आणि पट्टी स्वतःच्या मनगटावर आवळली.

"ए, ए! काय करतोस?" स्वामी खुर्चीतून उठले.

दिवा हिरवा लागला, क्षणभर थांबला, आणि लाल झाला.

"अनोळखी मनगट," गोड आवाज म्हणाला. "ही पट्टी भूपाल आप्पासाहेब मगदूम यांची आहे. आपण कोण?"

"काढ! काढ ती!" स्वामींचा आवाज चिरकला. "तीनदा विचारतंय, आन मग वर कळवतंय! दवाखान्याचं, पैशाचं, सगळं उकरून काढतील! भूपाल!"

"आपण कोण?"

जिनपाल तिथेच खाली बसला. सुनंदाने तोंडावर हात दाबून धरला होता, पण ती पुढे आली नाही. भूपालने पट्टी काढली नाही. त्याने मनगट तोंडाजवळ आणलं. डोळे मात्र आक्कावरून हलवले नाहीत.

"आपण कोण?" पट्टीने तिसऱ्यांदा विचारलं.

"मी पद्मावतीचा धाकटा भाऊ," भूपाल म्हणाला.

"नोंद घेतली आहे," पट्टी म्हणाली.